कोंबाचे रक्षक

मृगाचा पाऊस पडला, की कृष्णा आणि वारणा या नद्यांमधील काळ्या रानात पेरणीची एकच धांदल उडते. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) आसपासचे शेतकरी सोयाबीन आणि भुईमूग यांचे बी मातीच्या हवाली करतात. थोड्याच दिवसांत मातीचा पापुद्रा फोडून कोवळे कोंब डोके वर काढतात. परंतु तेवढ्या अवधीत बीजाच्या उदरात केवढा संग्राम चाललेला असतो, याची कल्पना पाहणाऱ्यास येत नाही.

कोरडे बी म्हणजे निद्रिस्त जीव होय. पाणी लाभताच ते जागे होते आणि जोराने श्वसन करू लागते. कोंबाला अद्याप हिरवी पाने नसतात. म्हणून सूर्यप्रकाशात अन्न तयार करणे त्याला शक्य नसते. मग त्याने जगावे कशावर? दूरच्या प्रवासाला निघालेल्या लेकराबरोबर आई शिदोरी देते, त्याप्रमाणे निसर्गाने बीजात अन्न साठविलेले असते. भुईमुगाच्या दाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. या तेलाची साखर झाली, म्हणजे कोंब वाढतो. हे काम विकर करतात. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया त्वरेने घडवून आणणाऱ्या पदार्थांना 'विकर' म्हणतात.

पण चूल पेटली की धूर हा व्हायचाच! तेलाची साखर होत असताना हायड्रोजन पेरॉक्साइड नावाचा दाहक पदार्थ निर्माण होतो. तो साचत गेला, तर पेशींतील प्रथिनांची आणि पातळ आवरणांची हानी होते. या अवस्थेस 'ऑक्सिडीकारी ताण' असे म्हणतात. तो टाळण्यासाठी बीजात कॅटॅलेज नावाचा विकर सज्ज असतो. त्याचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू फोडून त्यांचे पाणी आणि प्राणवायू बनवितो.

याची प्रचीती शाळेतही घेता येते. मोड आलेली मटकी ठेचून, गुरुजींच्या देखरेखीखाली, तिच्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड टाकावे. लगेच फेस उसळतो. तो प्राणवायूच्या बुडबुड्यांचा असतो. मटकी आधी चांगली उकळली, तर मात्र फेस येत नाही. कारण उष्णतेने विकर निकामी झालेला असतो.

कॅटॅलेजच्या जोडीला क-जीवनसत्त्वही पेरॉक्साइडचा नाश करण्यास साहाय्य करते. वापरले गेलेले हे जीवनसत्त्व पुन्हा कामास योग्य करणारा आणखी एक विकर असतो. तोच नसेल तर काय होईल? इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे उत्तर दिले. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीच्या बीजातही तेल असते. हा विकर नसलेले तिचे बी रुजले, परंतु कोंबाची वाढ खुंटली. नवल असे, की बीजातील तेल खर्चच झाले नव्हते! निसटलेल्या पेरॉक्साइडने तेलाचे विघटन करणाऱ्या विकरासच इजा केली होती. कोठार भरलेले होते, पण किल्ली गंजली होती. त्याच कोंबांना बाहेरून साखर पुरविताच ते वाढू लागले.

प्रयोगशाळेतील ही गोष्ट शेतापासून दूर नाही. वर्षानुवर्षे उसाला बेसुमार पाणी दिल्यामुळे आणि त्याचा निचरा न झाल्यामुळे कृष्णाकाठची पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. अशा जमिनीत रोपाचे रक्षक नाहीसे होत नाहीत. परंतु क्षारांच्या जाचाने पेशींत दाहक पदार्थ इतके वाढतात, की रक्षकांचे बळ अपुरे पडते. मग उगवण विरळ होते आणि रोपे खुरटतात. येथे बाहेरून साखर घालून भागत नाही. मूळ जाचच कमी करावा लागतो. पाणी बेताने देणे आणि चर काढून निचरा करणे हे त्याचे उपाय होत. जो शेतकरी हे करतो, तो कोंबातील अदृश्य रक्षकांच्या पाठीशी उभा राहतो.

स्वाध्याय

१. कोंबाला बीजातील अन्नावर का अवलंबून राहावे लागते?
२. उकळलेल्या मटकीवर फेस का येत नाही?
३. 'कोठार भरलेले होते, पण किल्ली गंजली होती', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावात क्षारपड जमीन आहे काय? ती कशामुळे झाली, याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळी लिहा.