वंशावळीचा वृक्ष : कोणत्या बाजूने कोण दिसते?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या येडशीच्या रामलिंगच्या झाडीत चार झाडे एका रांगेत आली आणि आपण रांगेच्या टोकाशी उभे राहिलो, तर पहिलेच झाड दिसते. बाकीची त्याच्या आड जातात. संगणकशास्त्रातील 'बायनरी ट्री' बाजूने पाहण्याचा नियम एवढाच आहे. या वृक्षाचे मूळ वर असते आणि प्रत्येक गाठीला जास्तीत जास्त दोन फांद्या असतात, एक डावी व एक उजवी.

उदाहरणासाठी छत्रपती शिवाजी महाराजांची वंशावळ घेऊ. तूर्त फक्त पुत्र धरू. थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे.

पहिली ओळ : शिवाजी महाराज.
दुसरी ओळ : संभाजी महाराज (जन्म १६५७), राजाराम महाराज (१६७०).
तिसरी ओळ : संभाजीपुत्र शाहू (१६८२), राजारामपुत्र दुसरे शिवाजी (१६९६) व दुसरे संभाजी (१६९८).

डावीकडून पाहता प्रत्येक ओळीतील पहिली गाठ दिसते : शिवाजी, संभाजी, शाहू. ही सातारची गादी. उजवीकडून दिसतात शिवाजी, राजाराम, दुसरे संभाजी. ही कोल्हापूरची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहाने या दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या. ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी मात्र दोन्हीकडून झाकले जातात. १७१४ मध्ये ते मातेसह पन्हाळ्यावर कैदेत पडले होते.

येथे अनेकांची गफलत होते. डावे दृश्य म्हणजे डाव्याच फांदीने उतरत जाणे, असे वाटते. तसे केले तर आपण शाहूंपाशी थांबू, कारण त्यांच्यामागे पुत्र उरला नाही. पण चौथी ओळ आहे. ताराबाईंनी दुसऱ्या शिवाजींचा पुत्र म्हणून पुढे केलेले रामराजे त्या ओळीत एकटेच आहेत. म्हणून ते दोन्ही बाजूंनी दिसतात. पिता झाकलेला, पुत्र उघडा! शाहूंनंतर १७४९ मध्ये सातारच्या गादीवर तेच आले. म्हणून फांदी न पाहता ओळ पाहावी.

आता शाहूंची थोरली बहीण भवानीबाई त्यांच्या डावीकडे मांडून पाहा. तिसऱ्या ओळीत डावीकडून भवानीबाई दिसतील आणि शाहू झाकले जातील. एक नाव लिहिताच सारे दृश्य बदलले. शिवाजी महाराजांना तर सहा कन्या होत्या. त्या मांडल्या तर दोन फांद्यांचा वृक्षच पुरणार नाही.

जातीच्या दाखल्यासाठी आपण वंशावळ लिहितो. तिच्यात आजोबा-पणजोबा असतात, आजी-पणजी नसतात. ज्या घरांत लिहिणारे कोणी नव्हते, तेथे ती नावे बहुधा आजीनेच तोंडपाठ ठेवलेली असतात. तेव्हा कोण दिसते हे विचारण्याआधी वृक्षात कोणाला मांडले आहे, हे विचारावे.