आधी गोळी की आधी स्कॅन?

बाबांना रोज संध्याकाळी ताप भरायचा. मलेरिया, टायफॉईड, क्षय, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर मात्र शंभराच्या वर. एका डॉक्टरांनी स्टेरॉईड सुरू केलं आणि ताप उतरला. पेट स्कॅनची तारीख त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मिळाली. रिपोर्ट नॉर्मल! गोळ्या हळूहळू बंद झाल्या आणि ताप उलटला. पुन्हा स्कॅन, पुन्हा तेवढाच खर्च. या वेळी महाधमनीची भिंत छातीपासून पोटापर्यंत उजळलेली दिसली. रक्तवाहिनीला दाह होता.

असं का झालं, ते दुसऱ्या स्कॅनच्या वेळी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांनी सांगितलं.  या तपासणीत शिरेतून एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात. दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः मॅक्रोफेज, ती अधाशासारखी ओढून घेतात, आणि ती जागा चित्रात उजळते. स्टेरॉईडने या पेशी थंडावल्या की आजार आत असूनही चित्र स्वच्छ येतं. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या दाहात सुरुवातीचे दोन-तीन दिवस फारसं बिघडत नाही. पुढे उजेड मावळू लागतो.

म्हणून स्टेरॉईड सुचवलं, तर ‘स्कॅन आधी करायचा का?’ हे तिथल्या तिथे विचारा. मात्र या दाहामुळे नजर जाण्याचा धोका असेल, तर स्कॅनसाठी औषध लांबवू नये. चालू असलेलं स्टेरॉईड आपल्या मनाने तर कधीच तोडू नये.

बाकीची पथ्यंही साखरेभोवतीच फिरतात. किमान सहा तास उपाशी राहायचं. बिनसाखरेचं पाणी चालतं, चहा नाही. आदल्या दिवशी व्यायाम नको, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात. रक्तातली साखर दोनशेच्या वर असेल, तर बहुतेक ठिकाणी तारीख पुढे ढकलतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीने आतडी उजळतात, म्हणून ते कधी थांबवायचं हे डॉक्टरांना विचारावं. हृदयाचा दाह शोधायचा असेल, तर आदल्या दिवशी भात, पोळी, फळं बंद. अंडी, पनीर, तूप चालतं. नुकतीच लस घेतली असेल तर सांगा, त्या बाजूच्या काखेतल्या गाठी उजळू शकतात. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, अंगावर शाल घेऊन. एफडीजीची किरणं दर ११० मिनिटांनी निम्मी होतात. तरी त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहावं.

रिपोर्ट हाती आला की, जागा किती उजळली हे सांगणारा ‘एसयूव्ही’चा आकडा इंटरनेटवर शोधत बसू नका. क्षयाची गाठ, सार्कॉइडोसिस आणि कर्करोग, तिघेही तितकेच उजळू शकतात. स्कॅन जागा दाखवतो, निदान अनेकदा बायोप्सीच करते.

आमच्याकडे स्कॅनच्या फॉर्मवर मधुमेहाचा रकाना होता, स्टेरॉईडचा नव्हता. तुमच्याही फॉर्मवर नसेल, तर कोऱ्या जागेत स्वतः लिहा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून.