न दिसणारे किरण

आकाशातून, जमिनीतून, घराच्या भिंतींतून, इतकेच नव्हे तर ताटातील अन्नातूनही काही किरण माणसाच्या शरीरावर अहोरात्र येत असतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांना रूप नाही, गंध नाही, आवाज नाही. काही अणू मूळचेच अस्थिर असतात. त्यांचे आपोआप विघटन होते व त्या वेळी किरण बाहेर पडतात. या क्रियेस किरणोत्सर्ग म्हणतात. केळ्यातील पोटॅशियममध्येही असे अणू अत्यल्प प्रमाणात असतात. म्हणून केळे कोणी टाकून देत नाही! केरळच्या किनाऱ्यावरील काही वाळूत थोरियम आहे, आणि त्या वाळूवर लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत.

मुख्य प्रश्न प्रमाणाचा असतो. क्ष-किरणांचे छायाचित्र घेणारा तंत्रज्ञ आडोशामागे जातो, कारण रोग्यास ते किरण क्षणभरच लागतात, तंत्रज्ञास मात्र रोज शेकडो चित्रे काढावयाची असतात.

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कोबाल्ट-६० या धातूतून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडून त्याचे कोंब थोपवितात. २००७ साली अमेरिकेस गेलेल्या आंब्यांवरही तेथेच प्रक्रिया झाली. कोयीतील किडीचा बंदोबस्त त्यामुळे होतो. असे फळ स्वतः किरण टाकू लागत नाही. उन्हात वाळविलेला पापड रात्री उजेड पाडतो काय? हेच किरण नेमके रोखून कर्करोगाच्या पेशीही मारता येतात.

परंतु असे उपकरण बेवारस पडले तर काय घडते, हे ब्राझील देशातील गोयानिया शहराने पाहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये एका ओसाड रुग्णालयात राहून गेलेले उपचाराचे यंत्र दोघांनी मोडून भंगारवाल्यास विकले. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती. ती रात्री निळसर चमकत असे. भंगारवाल्यास तिचे मोठे अप्रूप वाटले. त्याने ती आप्तेष्टांना वाटली. कोणी अंगालाही चोळली. त्याची सहा वर्षांची पुतणी तिच्याशी खेळली व त्याच हातांनी जेवली. घरातील माणसे एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीस त्या भुकटीचाच संशय आला. तिने ती पिशवीत घातली आणि बसने आरोग्य कार्यालयात नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने मापकयंत्र आणले. त्याचा काटा एवढा चढला की यंत्रच बिघडले असे समजून तो दुसरे घेऊन आला! पुढे एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली. ऑक्टोबरमध्ये चौघे दगावले. त्यांत ती बालिका होती, आणि पिशवी नेऊन देणारी ती स्त्रीही होती. तिने ते धाडस केले नसते, तर भुकटी आणखी किती घरांत गेली असती कोण जाणे.

भारतातही २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला.

किरणोत्सर्गाची जुनी खूण म्हणजे पिवळ्या पाटीवर मध्यभागी टिंब व भोवती तीन पाती. ती अनेकांना पंख्यासारखी वाटते, भीतिदायक वाटत नाही. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणखी एक खूण प्रसृत केली. तांबड्या त्रिकोणात वरून येणारे किरण, खाली कवटी, आणि दूर पळणारा माणूस. भारत धरून अकरा देशांतील लोकांना ती दाखवून तिचा अर्थ कळतो की नाही, हे आधी पाहण्यात आले. ही खूण दारावर लावावयाची नसते. ती उपकरणाच्या आत, किरण टाकणाऱ्या पदार्थाजवळ असते. यंत्र मोडू लागलेल्या माणसालाच ती दिसते.