गोळी आणि पेलाभर पाणी

करमाळा तालुक्यांत उन्हाळ्यांत पाणी जपून वापरावें लागतें. परंतु औषध घेतांना पाण्याची काटकसर करूं नये, असें आमचें वाचकांस सांगणें आहे.

घशापासून जठरापर्यंत सुमारें 25 सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका असते. कोरडी किंवा घोटभर पाण्यानें गिळलेली गोळी कधीं कधीं तिच्यांत अडकते व तेथेंच विरघळते. त्यामुळें आंतलें नाजूक अस्तर पोळून व्रण पडतो, छातींत दुखतें व घांस गिळवत नाहीं. डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅस्पिरिन, हाडांसाठीं देतात ती अ‍ॅलेंड्रोनेट आणि गरोदर स्त्रियांस आरोग्य केंद्रांतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या यांपासून असा अपाय होऊं शकतो.

तर मग काय करावें? पहिलें, बसून किंवा उभें राहून, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी. दुसरें, त्यानंतर निदान अर्धा तास आडवें होऊं नये. तिसरें, गिळतांना दुखूं लागल्यास डॉक्टरांस लवकर दाखवावें. औषध थांबवावें कीं बदलावें हें ते ठरवितील. वेळीं लक्ष दिल्यास व्रण बहुधा थोड्या आठवड्यांत भरून येतो.

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या उपदेशक बंधूंनीं हें घरोघरीं सांगावें, आणि गोळी देण्यापूर्वीं आजाऱ्यास उठवून बसवावें. जें औषध बरें करण्यास दिलें, त्यानेंच इजा होऊं नये.