पॅरिसचे कृषिप्रदर्शन

फेब्रुवारीच्या अखेरीस पॅरिसला जाणाऱ्या अभ्यासकाने तेथील आंतरराष्ट्रीय कृषिप्रदर्शन अवश्य पाहावे. १९६४ पासून भरणाऱ्या या प्रदर्शनात मान यंत्रांपेक्षा जनावरांचा अधिक. १८७० पासूनची परंपरा असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत परीक्षक दुभत्या नॉर्मांद गायीची कास पाहतो, तर मांसासाठी पाळलेल्या शारोलेची पाठ व मांड्या. निकालामागील कारणे लक्ष देऊन ऐकावीत. खरा पाठ तोच.

प्रदर्शनास राष्ट्राध्यक्ष येतात, आणि शेतकरी त्यांना गाठतात. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी अपुरे भाव व जाचक नियम यांमुळे त्रस्त शेतकऱ्यांनी शिट्ट्या वाजवून राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांचा निषेध केला. दालनात पोलिसांशी झटापटही झाली. उद्घाटन लांबले, माक्राँ यांनी तेथेच शेतकऱ्यांशी उघड चर्चा केली आणि किमान भावाचा प्रश्न विचारात घेण्याचे मान्य केले.