‘काम पूर्ण’ दिसले तरी सीडी टाकू नका

गाण्याची सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, पडद्यावर ‘काम पूर्ण’ असे आले, की माणूस ती सीडी टाकून द्यायला मोकळा होतो. तेवढ्यावर विसंबू नका, हे सांगण्यासाठी लिहितो आहे. गाण्याच्या सीडीचे बिघाड उतरवताना दिसत नाहीत. ते ऐकू येतात तेव्हा बहुधा मूळ सीडी भंगारात गेलेली असते.

आमच्या भवानीनगरला छत्रपती कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की अंगणात काजळी पडू लागते. दारे-खिडक्या लावल्या तरी ती घरात शिरते, कपाटात जाते. भोवती कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, म्हणून हवा दमट; आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर हात टेकवत नाही. तिथे ठेवलेल्या सीडीचे काय होणार? आमच्याकडे दोन जातींच्या सीडी होत्या. एक विकतच्या: भीमसेनजींचे अभंग, नाट्यगीते, भावगीते. दुसऱ्या घरी भरलेल्या: गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तने, तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी असतानाची भजने. त्यांत पखवाजावर माझे चुलते. काका आता नाहीत. त्यांचा हात ऐकायचा तर मार्करने तारीख लिहिलेल्या त्या सीडीच.

भाच्याने सुट्टीत सगळ्या सीडी लॅपटॉपवर घेऊन पेनड्राइव्हमध्ये भरून दिल्या. एकाही सीडीला अडचण आल्याचे कॉम्प्युटर बोलला नाही. पुढे प्रवासात ऐकताना काकांच्या बोलांमध्ये टक्-टक् येऊ लागले. एका जागी खर्र झाले आणि आवाजच गडप. आईने सीडी टाकू दिल्या नव्हत्या, म्हणून पुन्हा हात घालता आला.

असे का होते ते कळले की पुढचे सारे सोपे जाते. सीडीवर एका सेकंदाचा आवाज ७५ तुकड्यांत ठेवलेला असतो आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा. फाइली ठेवायच्या सीडीवर याच तुकड्यात मजकूर २,०४८ बाइटच असतो. उरलेल्या जागेतली बहुतेक पडताळणी आणि दुरुस्तीसाठी. म्हणून एमपीथ्री फाइलींची सीडी खराब झाली तर कॉपी मध्येच थांबते, चूक दाखवते. गाण्याच्या सीडीला हा दुसरा पहारा नाही. तिच्यात दुरुस्तीची पहिली पातळी तेवढी असते. ओळीने सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही तरी तेवढा ती अचूक भरून काढते. त्यापुढे ड्राइव्ह आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने जागा भरते. तेही जमले नाही तर तेवढा वेळ आवाज बंद. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ऐकण्यासाठी, आणि ऐकताना गाणे अडू नये म्हणून ही सोय. प्रत काढताना मात्र हीच सोय घात करते.

तेव्हा प्रत काढायला असा प्रोग्रॅम घ्या, जो एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि उत्तरे जुळतात का पाहतो. विंडोजवर ‘इग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, लिनक्सवर ‘सीडीपॅरानोइया’, मॅकवर ‘एक्सएलडी’, तिन्ही फुकट. पहिल्यात ‘सिक्युअर’ पद्धत निवडा. वेळ लागतो, खराब सीडीला तर तासन् तास. पण शेवटी कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला शंका आहे याची नोंद मिळते. ती जागा हेडफोन लावून ऐका. नोंदीची फाइल गाण्यांसोबतच जपा; पुढे ड्राइव्ह बदलून पाहायची वेळ आली तर कुठे हात घालायचा हे तीच सांगते.

विकतच्या सीडीसाठी आणखी एक आधार आहे. ‘अ‍ॅक्युरेटरिप’ ही सोय तुमच्या प्रतीची बेरीज (चेकसम) इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या प्रतींशी ताडून पाहते. जुळली तर निश्चिंत व्हा. पण सणसरच्या मुक्कामातले भजन जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, ते कशाशी ताडणार? तिथे उपाय एकच: दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि दोन्हींची बेरीज जुळते का पाहा. एकच ड्राइव्ह दोनदा वापरली तर ती एकच चूक दोनदा करू शकते.

ड्राइव्ह बदलण्याचे महत्त्व मला उशिरा पटले. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेल्या पातळ ड्राइव्हवर जी सीडी अडत होती, ती जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर सुरळीत वाचली गेली. वाचण्याचा वेग कमी करूनही पाहावे. आमच्याकडे ड्राइव्हच्या भिंगावर बसलेली काजळी हेही एक कारण होते. हवेच्या फुग्याने ती हलकेच उडवा, ओले फडके नको.

सीडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसताना चरा पडला तर तो आवाजाच्या मार्गाबरोबरच धावतो आणि सलग मोठा भाग खातो. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडाच भाग तोडतो आणि तो दुरुस्त होतो. साधे पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, धुतलेल्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा, एवढे पुरते. थिनर, पेट्रोल अजिबात नको. टूथपेस्टने घासायचा उपाय पुष्कळ जण सांगतात. चकचकीत बाजूच्या बारीक चऱ्यांवर त्याचा कधी उपयोग होतो, पण जेवढे उतरते तेवढे आधी उतरवून मग शेवटी. चित्राची बाजू जास्त जपा. आवाज त्याच बाजूला, पातळ थराखाली असतो. तिथला खोल ओरखडा भरून येत नाही.

माझे ठाम मत विचाराल तर सुरुवात घरी भरलेल्या सीडींपासून करा. बहुतेक जण आवडती विकतची सीडी आधी काढतात. भीमसेनजींचे अभंग उद्याही मिळतील. घरी भरलेल्या सीडीत आवाज रंगाच्या थरावर लिहिलेला असतो आणि तो थर ऊन, उष्णता, दमटपणा यांनी विरतो, बऱ्याचदा कडेपासून. सीडी आतून बाहेर भरत जाते, त्यामुळे पूर्ण भरलेल्या सीडीचा शेवट कडेलाच येतो. काल्याच्या एका कीर्तनाचा शेवटचा भाग आम्हाला कोणत्याच ड्राइव्हवर मिळाला नाही. बाकी कीर्तन काकांच्या पखवाजासकट स्वच्छ आले.

साठवताना थेट एमपीथ्री करू नका, ‘फ्लॅक’ करा. आवाजातले काही जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. शंभर सीडी ४० जीबीच्या आसपास बसतात. कधी, कुठे, कोणाचे भजन, टाळाला कोण, हे जाणते माणूस घरात आहे तोवर विचारून फाइलीच्या नावात घाला. दोन हार्ड डिस्कवर प्रती करा. आमची दुसरी डिस्क बहिणीकडे बारामतीला असते, आणि दिवाळीला ती आली की दोन्ही डिस्क जोडून काही फाइली उघडून ऐकतो.