वेगाचा गुन्हा आणि विम्याचा हप्ता

वेगमर्यादा ओलांडणाऱ्या वाहनचालकास दंड होतो, तो दंड भरला जातो आणि प्रकरण तेथेच संपले असे सर्वसाधारणपणे समजले जाते. काही देशांत मात्र ते तेथे संपत नाही. गुन्ह्याची नोंद चालकाच्या परवान्यावर होते, तेथून ती विमा कंपनीच्या हिशेबात जाते आणि पुढील काही वर्षे विम्याच्या हप्त्यावर तिचा परिणाम होत राहतो. भारतातही दंड आणि हप्ता यांची सांगड घालण्याचा विचार २०१९ पासून सुरू झाला. ही पद्धत कशी चालते आणि तिच्यातील अडचणी कोणत्या, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

विम्यामागील तत्त्व

अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करावयाचे आणि ज्याच्यावर आपत्ती ओढवेल त्याचे नुकसान त्यातून भरून द्यावयाचे, हे विम्याचे मूळ तत्त्व होय. ज्याच्यापासून अपघाताचा धोका अधिक, त्याचा वाटाही अधिक असावा, हे त्यातून ओघानेच येते.

वेगाचा आणि धोक्याचा संबंध केवळ अनुमानाचा नाही. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याची आघातशक्ती चौपट होते आणि ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही जवळजवळ चौपट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग हे नोंदविले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती.

ब्रिटनमधील पद्धत

ब्रिटनमध्ये वेगाच्या गुन्ह्यासाठी किमान १०० पौंड दंड होतो आणि परवान्यावर किमान ३ दंडगुण नोंदविले जातात. तीन वर्षांत १२ दंडगुण जमा झाल्यास चालकास वाहन चालविण्यास मनाई होऊ शकते. नव्या चालकासाठी नियम अधिक कडक आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत ६ दंडगुण झाले तर परवाना रद्द होतो आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

दंडगुणांची नोंद परवान्यावर साधारणतः चार वर्षे राहते. विमा कंपन्या मात्र बहुधा मागील पाच वर्षांतील गुन्ह्यांची माहिती विचारतात. हप्ता किती वाढवावयाचा याचे सरकारी कोष्टक नाही. प्रत्येक कंपनी आपल्या अनुभवाप्रमाणे तो ठरविते. एकाच किरकोळ गुन्ह्याने होणारी वाढ बेताची असू शकते, परंतु गुन्हे वाढत गेले की हप्ता झपाट्याने चढतो. ज्याच्यावर वाहन चालविण्याची बंदी येऊन गेली आहे, त्याचा विमा उतरविण्यास काही कंपन्या नकारही देतात. माहिती दडविण्यातही लाभ नाही. चालकाच्या संमतीने सरकारी दप्तरातील परवान्याची नोंद तपासण्याची सोय कंपन्यांना उपलब्ध आहे आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आल्यास विमापत्रच रद्दबातल ठरू शकते.

या व्यवस्थेत सुधारणेलाही वाव ठेवलेला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये मर्यादा थोडीच ओलांडणाऱ्या चालकास, दंडगुणांऐवजी स्वखर्चाने वेग-जागृती वर्गास हजर राहण्याचा पर्याय बहुधा दिला जातो. शिक्षेआधी शिक्षण, असा हा विचार आहे.

आपल्याकडील व्यवस्था

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ पक्षाविषयीचा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. खाजगी मोटारीसाठी त्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवरून ठरतो. चालक सावध आहे की बेदरकार, हे त्यात पाहिले जात नाही. उदाहरणार्थ, जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० घन सेंटिमीटर क्षमतेच्या मोटारीसाठी ३,४१६ रुपये असा एकच दर ठरविण्यात आला होता.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. त्याच्या हप्त्यात, दावा न केल्याबद्दल पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे वाढत जाऊन सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. समजा, मूळ हप्ता १०,००० रुपये आहे. पाच वर्षे दावा न करणाऱ्यास तो ५,००० रुपये पडेल. परंतु अपघात होऊन एक दावा केला की सर्वसाधारणपणे सारी सवलत जाते. अतिवेगाचा परिणाम हप्त्यावर होतो तो असा आडवळणाने, म्हणजे अपघात घडल्यानंतर. वर्षभरात वेगाबद्दल दहा वेळा दंड झाला, पण दावा केला नाही, तर ही सवलत अबाधित राहते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाहन अतिवेगाने जात होते, एवढ्याच कारणावरून विमा कंपनीस अपघातग्रस्त त्रयस्थाची भरपाई नाकारता येत नाही. हे योग्यच आहे. कारण धडक बसलेल्या पादचाऱ्याचा त्यात काय दोष? मात्र ही भरपाई सर्व विमाधारकांच्या हप्त्यांतून दिली जाते. म्हणजेच बेदरकार चालकाच्या वेगाची किंमत सावध चालकही भरीत असतो.

प्रस्ताव आणि प्रश्न

हा असमतोल दूर करण्यासाठी भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये एक कार्यगट नेमला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या अहवालाचा मसुदा प्रसिद्ध झाला. विम्याच्या हप्त्यात वाहतूक नियमभंगाचा एक स्वतंत्र भाग असावा, त्यासाठी गुन्ह्यांना गुण द्यावेत आणि त्याचा प्रयोग प्रथम दिल्लीत करावा, अशा शिफारशी त्यात होत्या. मद्यप्राशन करून वाहन चालविल्यास १०० गुण, तर चुकीच्या जागी वाहन उभे केल्यास १० गुण, असे प्रमाण सुचविण्यात आले होते.

तथापि, येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो, चालकाचा चेहरा नव्हे. ई-चलान वाहनमालकाच्या नावे निघते. ट्रकमालकाच्या हाताखाली चार चालक असतील, किंवा घरातील एकच मोटार बाप-लेक दोघेही चालवीत असतील, तर वाढीव हप्त्याचा भार कोणी सोसावा? ब्रिटनमध्ये गुन्ह्याच्या वेळी चालक कोण होता हे कळविणे वाहनमालकावर बंधनकारक आहे आणि दंडगुण चालकाच्या परवान्यावर चढतात. आपल्या अधिनियमाच्या कलम १३३ मध्येही मागणी केल्यास चालकाची माहिती देण्याचे कर्तव्य मालकावर सोपविलेले आहे. हप्ता आणि गुन्हा यांची न्याय्य सांगड घालावयाची तर या कलमाचा कसोशीने अंमल होणे आवश्यक ठरेल.

प्रत्येकाचे कर्तव्य

नवा नियम येवो वा न येवो, काही गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत. जुने वाहन विकताना नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करून घ्यावी, अन्यथा त्याच्या वेगाची चलाने मूळ मालकाच्या नावावर जमा होत राहतील. खरेदीदारानेही विमापत्रावरील नाव बदलून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा. प्रस्तावपत्रात विचारलेली माहिती खरी व पूर्ण द्यावी. ज्या संस्थांची स्वतःची वाहने आहेत, त्यांनी कोणत्या दिवशी कोणता चालक होता याची नोंदवही ठेवावी. शाळेची बस असो की पंचायतीचा पाण्याचा टँकर, दंड कोणामुळे झाला हे त्या नोंदवहीवरूनच कळेल.

शिक्षकांनी वेग आणि थांबण्याचे अंतर यांचे गणित वर्गात फळ्यावर मांडून दाखविल्यास उद्याचे चालक आजच शहाणे होतील. हप्त्यातील वाढ हा वेगावरचा एक लगाम आहे. परंतु तो खिशाला लागणारा लगाम होय. अपघातात गेलेला माणूस कोणत्याही विम्याच्या रकमेने परत येत नाही, ही जाणीव मनात रुजणे हाच खरा लगाम ठरेल.